कातीव लाकडी पेनाचे घासकाम

कातीव लाकडी पेनाचे घासकाम : लेथवर कातलेल्या लाकडी पेनाचा पृष्ठभाग अपघर्षक (घासून झिजविणाऱ्या) कागदाने गुळगुळीत करणे आणि तसे करताना लाकडाची छिद्रे, रेषा व मूळ रंग मळू न देणे, ही या कामाची दोन अंगे होत. पहिले अंग सरावाने लवकर साधते. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास त्याचा परिणाम बहुधा शेवटचा लेप चढविल्यावरच नजरेस येतो. कोरड्या लाकडावर क्षुल्लक वाटणारी करडी धूळ लेपाने भिजताच गडद होते. छिद्रांत काळे ठिपके आणि नळीभोवती बारीक काळी वर्तुळे दिसू लागतात. मेज वा खुर्ची यांवरील असा दोष रंधा मारून काढता येतो. पेनावर तेवढे लाकूडच शिल्लक नसते. म्हणून शिरलेला मळ काढण्यापेक्षा तो शिरू न देणे, हे या घासकामाचे मुख्य सूत्र मानले जाते.

पेनाची घडण : हाताने तयार केल्या जाणाऱ्या बहुसंख्य लाकडी पेनांचा गाभा म्हणजे पितळेची पातळ नळी होय. सु. १९ मिमी. बाजूच्या चौरस तुकड्याला लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडून त्यात ही नळी चिकटवितात. नंतर हा तुकडा मँड्रेल नावाच्या पोलादी दांड्यावर बसवितात व त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी बुश (ठरावीक व्यासाची कडी) लावतात. कातताना लाकूड उतरून बुशाच्या पातळीस आले की माप पुरे झाले, असे समजतात. प्रचलित सडपातळ पेनात पितळी नळीचा बाहेरील व्यास सु. ७ मिमी. व बुशाचा व्यास सु. ८·४ मिमी. असतो, म्हणजे टोकाशी लाकडाची जाडी जेमतेम ०·७ मिमी. राहते. मळ काढण्यासाठी अर्धा मिमी. जाडी घासून टाकली, तर टोकाशी पितळ उघडे पडण्याच्या बेतास येते आणि पेनाचे धातूचे भाग लाकडाशी समपातळीत बसत नाहीत. याखेरीज ज्या बुशामुळे माप कळते, तोच पोलादी बुश घासताना लाकडाला लागून असतो. मापाचे साधन व मळाचा उगम एकच असणे, ही या कामातील मूळ अडचण आहे.

लाकडाची संरचना व मळ : रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडात खोडाच्या लांबीच्या दिशेने पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यांना वाहिन्या म्हणतात. लाकूड आडवे कापले असता वाहिन्यांची तोंडे छिद्रांच्या रूपाने, तर उभे कापले असता त्यांचे पन्हाळे बारीक खाचांच्या रूपाने दिसतात. साग, ओक व ॲश यांच्या प्रत्येक वाढवलयातील सुरुवातीच्या वाहिन्या मोठ्या असून त्यांचा व्यास ०·२ ते ०·३ मिमी. इतका असू शकतो. मॅपलच्या वाहिन्या ०·१ मिमी.पेक्षा लहान व सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असतात. बॉक्सवुडाच्या त्याहूनही सूक्ष्म असल्याने त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत [⟶ लाकूड].

अपघर्षक कागदाचा क्रमांक जसा वाढतो, तसे त्यावरील कण लहान होत जातात. यूरोपीय ‘पी’ मानकानुसार १२० क्रमांकाच्या कागदावरील कणांचा सरासरी आकार १२५ मायक्रॉन (०·१२५ मिमी.), २२० क्रमांकाच्या ६८, ४०० क्रमांकाच्या ३५ व ६०० क्रमांकाच्या सु. २६ मायक्रॉन असतो. अशा कणांनी निघणारी धूळ बहुतांशी तितकीच वा अधिक बारीक असते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : सागाच्या वा ओकच्या खाचांत कोणत्याही क्रमांकाच्या कागदाची धूळ सहज मावते, मॅपलसारख्या घट्ट लाकडाला मात्र खरा धोका घासकामाच्या अखेरच्या, म्हणजे वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या बारीक कागदांपासून असतो.

पेनाच्या तुकड्यात वाहिन्या सामान्यतः अक्षाला समांतर असतात. त्यामुळे नळीच्या बाजूवर खाचा व टोकांवर छिद्रे येतात. पेन टोकाकडे निमुळते केले की तेथील वाहिन्या तिरक्या कापल्या जाऊन त्यांची तोंडे उघडतात. ही तोंडे नेमकी बुशाच्या शेजारी असल्याने पोलादाचा कीस प्रथम तेथेच शिरतो व टोकाशी काळी कड उमटते. गाठींचे व वेड्यावाकड्या रेषांचे लाकूड असल्यास अशी तोंडे नळीवर कोठेही उघडी असतात.

मळाचे प्रकार : घासकामातील मळ चार उगमांतून येतो व प्रत्येकाची वागणूक निराळी असते. (१) लाकडाची स्वतःची धूळ. ही रंगाने लाकडासारखीच असली, तरी खाचांत दबून बसल्यावर लेप शोषून मूळ लाकडाहून गडद किंवा उलट निस्तेज दिसते. (२) दुसऱ्या लाकडाची धूळ. फिक्या व गडद लाकडांच्या जोडकामात हा दोष हमखास आढळतो. एबनी वा शिसवीची धूळ शेजारच्या मॅपलवर करडी छटा आणते. (३) धातूचा कीस. तो पोलादी बुशाचा, टोके सपाट करताना निघालेला पितळेचा किंवा पोलादी तंतूंच्या बोळ्याचा असतो. (४) अपघर्षकाचे सुटलेले कण व ते कागदाला धरून ठेवणारे चिकट द्रव्य. कागद तापला वा तुंबला, की हे द्रव्य लाकडाला फासले जाते.

यांपैकी लोखंडाचा मळ दुहेरी असतो. मॅपलसारख्या टॅनीन कमी असलेल्या लाकडात तो केवळ काजळीसारखा बसतो. ओक, बाभूळ, खैर यांसारख्या टॅनीनयुक्त लाकडात मात्र घाम, दमट हवा किंवा पाणी यांचा संपर्क होताच लोह व टॅनीन यांची विक्रिया होऊन निळसर काळे संयुग बनते. कित्येक शतके यूरोपात लिखाणासाठी वापरली गेलेली मायफळ व हिराकस यांची शाई याच विक्रियेवर आधारलेली होती. शाईला टिकाऊ करणारा हा गुण पेनाच्या लाकडावर दोष ठरतो. कारण हा डाग रेषेत नुसता पडून राहत नाही, तर तंतूंना रंगवितो व म्हणून झटकून किंवा पुसून जात नाही.

अपघर्षक कागद : वाळू, काच वा गार्नेट यांचे कण सरसाने कागदावर चिकटविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. त्यापूर्वी शार्कचे खरखरीत कातडे, तसेच सिलिकायुक्त खोडाची एक्विसीटम ही वनस्पती लाकूड घासण्यास वापरीत. १८३४ मध्ये अमेरिकेत आयझॅक फिशर यांना वाळूच्या कागदाची एकस्वे मिळाली. १८९१ मध्ये एडवर्ड अचेसन यांनी विद्युत् भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. या कठीण, काळ्या द्रव्याचा जलरोधी कागद १९२१ मध्ये अमेरिकेत बाजारात आला आणि मोटारगाड्यांचा रंग ओला घासण्यासाठी तो लवकरच लोकप्रिय झाला. बारीक क्रमांकांत तो सर्वत्र मिळत असल्याने पेनाच्या कामातही आला. फिक्या, उघड्या छिद्रांच्या लाकडावर मात्र तो कोरडा वापरल्यास त्याचे काळे कण छिद्रांत राहतात. अशा लाकडासाठी पांढऱ्या वा फिक्या रंगाच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा किंवा गार्नेटाचा कागद श्रेयस्कर असतो. गडद लाकडावर किंवा लेप चढविल्यानंतर काळा कागद वापरण्यास हरकत नसते. पोलादी तंतूंच्या बोळ्याऐवजी कृत्रिम धाग्यांची अपघर्षक गादी वापरल्यास लोखंडाचा प्रश्न उद्‌भवत नाही.

घासण्याची पद्धती : जितके कमी घासावे लागेल, तितका मळ कमी, म्हणून स्वच्छतेची सुरुवात पटाशीच्या धारेपासून होते. नुकत्याच परजलेल्या तिरक्या धारेच्या पटाशीने हलका शेवटचा हात घेतल्यास तंतू स्वच्छ कापले जातात व १८० किंवा २२० क्रमांकापासून घासणे पुरते. बोथट पटाशीने तंतू उपटले जातात. ते खड्डे नाहीसे करण्यासाठी ८० वा १२० क्रमांकापर्यंत मागे जावे लागते आणि तेवढ्या प्रमाणात धूळ वाढते.

घासण्यापूर्वी पोलादी बुश काढून टाकणे, हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. माप बुशावरून न ठरविता व्हर्निअर कॅलिपरने घेतात आणि नळी दोन शंकूंच्या टोकांमध्ये धरून फिरवितात. शंकू पॉलिएथिलीन वा ॲसिटल या प्लॅस्टिकांचे असल्यास कीस काळा निघत नाही. पॉलिएथिलिनाला सायनोॲक्रिलेट आसंजक चिकटत नसल्यामुळे पुढे लेप देतानाही ते सोयीचे ठरतात. शंकू नसल्यास कागदाची पट्टी टोकापासून २–३ मिमी. अलीकडेच थांबवून टोकाचा भाग शेवटी, लेथ बंद करून हाताने घासतात. बुश वाचविण्याचा आणखी एक लाभ असा की, प्रत्येक वेळी कागदाखाली झिजून त्यांचा व्यास घटत नाही व पुढील पेनांचे माप बिघडत नाही.

कातण्याच्या मानाने घासताना लेथचा वेग बराच कमी ठेवतात. वेग व दाब अधिक झाल्यास घर्षणाने उष्णता वाढते. एबनीसारख्या ठिसूळ लाकडाला टोकाशी बारीक तडे जातात; शिसवी, साग यांसारख्या तेलकट वा राळयुक्त लाकडाची धूळ मऊ होऊन कागदात तुंबते. तुंबलेला कागद लाकूड कापत नाही, तर धूळ लाकडावर लिंपतो. बोटाला चटका जाणवू लागणे ही मर्यादा ओलांडल्याची खूण होय. कागदाचे लहान तुकडे करून ते सढळ हाताने बदलणे हे पेन टाकून देण्यापेक्षा स्वस्त पडते.

लेथवर नळी फिरत असताना कागदाचे ओरखडे परिघाभोवती, म्हणजे रेषांना आडवे उमटतात. या आडव्या चरांत धूळ साठली की लेपाखाली काळी वर्तुळे दिसतात. म्हणून प्रत्येक क्रमांक संपल्यावर लेथ थांबवून त्याच कागदाने रेषांच्या दिशेने, म्हणजे नळीच्या लांबीने, आडवे चर दिसेनासे होईपर्यंत घासतात. त्यानंतर धूळ झाडून मगच पुढील क्रमांक घेतात. १८०, २२०, ३२०, ४०० व ६०० हा क्रम सामान्यतः पुरेसा होतो. मधला क्रमांक गाळल्यास आधीचे खोल ओरखडे राहून त्यांत नंतरची अधिक बारीक धूळ भरते. दोन क्रमांकांमधील झाडणी वगळल्यास जाड कागदाचे सुटे कण बारीक कागदाखाली सापडून नवे ओरखडे काढतात.

धूळ काढणे : मऊ केसांचा कुंचला रेषांच्या दिशेने फिरविणे व धूळ शोषून घेणारी नळी कामाच्या अगदी जवळ ठेवणे, एवढ्याने बरीचशी धूळ निघते. खाचांत बसलेली धूळ कमी दाबाच्या संपीडित हवेने बाहेर उडविता येते. ओले फडके शक्यतो वापरीत नाहीत. पाण्याने तंतू फुगून उभे राहतात आणि धुळीचा चिखल होऊन तो खाचांत अधिकच घट्ट बसतो.

विद्रावकाने पुसण्याची पद्धत उपयुक्त असली, तरी ती लाकूड ओळखून अवलंबावी लागते. मॅपल, ॲश, शिवण यांसारख्या फिक्या, एकरंगी लाकडाला स्पिरिटाने पुसल्यास धूळ निघते, स्पिरिट लवकर उडून जाते आणि लेपानंतर लाकूड कसे दिसेल याचा अंदाजही क्षणभर येतो. रंगद्रव्य पाझरणाऱ्या लाकडावर मात्र हाच उपाय अपायकारक ठरतो. रक्तचंदन व पडौक यांमधील सँटॅलीन हे लाल रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहॉलात विरघळते. त्यामुळे स्पिरिटाचे फडके पडौकवरून शेजारच्या पांढऱ्या लाकडावर गेले की तेथे गुलाबी डाग पडतो. याउलट बिबळ्याच्या लाकडातील रंग पाण्यात उतरतो. त्याच्या पेल्यात ठेवलेले पाणी रंगते, हे सर्वपरिचित आहे. लाकूड अपरिचित असल्यास त्याच्या टाकाऊ तुकड्यावर पांढरे फडके प्रथम पाण्याने व नंतर स्पिरिटाने भिजवून घासून पाहतात. ज्या द्रवाने फडके रंगते, तो द्रव त्या लाकडासाठी वर्ज्य समजतात.

दोन रंगांचे जोडकाम : फिक्या व गडद लाकडांचे थर एकत्र चिकटवून कातलेल्या पेनात घासकामाची खरी परीक्षा होते. येथे फिके लाकूड आधीच बंद करून घेणे हा मुख्य उपाय असतो. पटाशीचा शेवटचा हात झाल्याबरोबर, कागद लावण्यापूर्वीच, सायनोॲक्रिलेटाचा किंवा पातळ चपड्याचा एक हात देऊन छिद्रे मुजवितात व तो सुकल्यावर घासतात. गडद लाकूड रंग पाझरणारे असल्यास चपडा टाळतात, कारण तो स्पिरिटातच विरघळविलेला असतो. तो वापरलाच, तर फिक्या भागाकडून गडद भागाकडे एकाच दिशेने व एकाच हाताने लावतात. परत फिरत नाहीत. जोड नळीला आडवा असल्यास दोन्ही भाग कागदाच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी घासता येतात. जोड तिरका वा उभा असल्यास ते शक्य नसते. तेव्हा लेथ थांबवून जोडरेषेच्या दिशेने घासणे व धूळ केवळ हवेने काढणे हाच मार्ग उरतो.

छिद्रे मुजविणे : धूळ सर्वच वेळी शत्रू नसते. काही कारागीर रेषांतील खाचा भरण्यासाठी मुद्दाम त्याच लाकडाची धूळ वापरतात. पृष्ठभागावर तेल वा सायनोॲक्रिलेट लावून ते ओले असतानाच घासल्यास धुळीचा लगदा खाचांत बसतो व पृष्ठभाग सलग होतो. फ्रेंच पॉलिशच्या जुन्या पद्धतीत चपड्याबरोबर प्यूमिसाची भुकटी याच हेतूने वापरतात. अशा भरणीसाठी धूळ एकाच लाकडाची व धातूच्या किसापासून मुक्त असणे आवश्यक असते. म्हणून बुश काढल्यानंतर व आधीची धूळ पूर्णपणे झाडल्यावरच ही क्रिया करतात. भरलेली धूळ लेपाने किंचित गडद होते. खाचा उठून दिसाव्यात अशी इच्छा असल्यास ते इष्ट, अन्यथा दोष ठरते.

कातीव काम छिद्रबंद करून मळापासून वाचविण्याची परंपरा भारतात जुनी आहे. सावंतवाडी (महाराष्ट्र) व चन्नपट्टण (कर्नाटक) येथील लाखकामात फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. चन्नपट्टण येथे तिला केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. तेथे वापरात असलेले काळ्या कुड्याचे लाकूड हस्तिदंतासारखे फिके व घट्ट पोताचे असते. लाखेने लाकडाच्या रेषा झाकल्या जातात. पेनाच्या कामात त्या पारदर्शक लेपाखाली उघड्या ठेवावयाच्या असतात, एवढाच महत्त्वाचा फरक होय.

लेपातील पांढरा मळ : सायनोॲक्रिलेटाचे अनेक पातळ थर देऊन ते बारीक कागदाने वा गादीने घासण्याची पद्धत पेनासाठी सर्रास वापरली जाते. थर पुरेसे नसल्यास खाचांच्या जागी खळगे राहतात आणि घासताना निघालेली लेपाची पांढरी धूळ त्यांत साठते. वेंगे, शिसवी यांसारख्या गडद लाकडावर ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने उठून दिसते. चकाकी आणणारी लुकणे व मेण यांचेही अवशेष असेच सुकून पांढरे पडतात. ओले असताना ही धूळ दिसत नाही. पृष्ठभाग सुकल्यावर दिव्याचा प्रकाश तिरका टाकून पाहावे लागते. खळगे लेपाने पूर्ण भरेपर्यंत घासण्याची घाई न करणे, हा यावरील उपाय आहे. ओले घासताना टोकांची उघडी छिद्रे आधी आसंजकाने बंद केली नसल्यास पाणी आत शिरून लाकूड फुगते व लेप टोकाशी सुटतो.

पडलेला डाग काढणे : सुटी धूळ लेपापूर्वी लक्षात आल्यास कुंचला, हवा व योग्य विद्रावक यांनी बहुतेक काढता येते. काळी कड उथळ असल्यास धारदार पटाशीने अगदी पातळ हात घेणे हे पुन्हा कागद लावण्यापेक्षा बरे. कागद मळ पसरवितो, पटाशी तो उचलून नेते. लोह व टॅनीन यांचा निळा-काळा डाग ऑक्झॅलिक अम्लाच्या पातळ विद्रावाने फिका पडतो. परंतु हे अम्ल विषारी असून त्यानंतर लाकूड पाण्याने पुसून पूर्ण वाळवावे लागते व उभे राहिलेले तंतू पुन्हा घासावे लागतात. त्यामुळे पेनासारख्या पातळ कामात हा शेवटचा उपाय म्हणूनच वापरतात. लेपाखाली अडकलेला मळ लेप काढल्याखेरीज निघत नाही.

आरोग्य व सुरक्षितता : जी बारीक धूळ लाकडाच्या रेषा मळविते, तीच श्वासावाटे शरीरात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्यांत नाक व नाकालगतच्या पोकळ्या यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. शिसवीच्या प्रजातीतील काही लाकडांच्या धुळीने त्वचेला खाज व पुरळ येते आणि एकदा अधिहृषता (ॲलर्जी) निर्माण झाली, की अल्पशा धुळीनेही त्रास होतो. सायनोॲक्रिलेटाची वाफ डोळ्यांना व श्वासमार्गाला झोंबते. शोषण नळी, बारीक कण अडविणारा श्वसनमुखवटा व चष्मा ही साधने त्यामुळे आवश्यक ठरतात. संपीडित हवेने छिद्रे साफ करताना धूळ खोलीभर पसरत असल्याने शोषण चालू ठेवूनच ते करतात. विद्रावकाची फडकी ज्वालाग्राही असल्याने लेथपासून दूर, उघड्या हवेत वाळवितात. कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळू नये व फिरत्या लेथजवळ हातमोजे वापरू नयेत, कारण पट्टी वा मोजा गुंतल्यास हात आत ओढला जातो. पट्टी नळीच्या खालच्या बाजूने सैल धरल्यास ती अडकली तरी हातातून सुटून जाते. शिवाय धूळही कारागिराच्या तोंडाकडे न येता शोषण नळीकडे वळविणे सोपे होते.